गोड्या विहिरीचे शेजारी

तुरीची डाळ ज्या पाण्यात चटकन शिजते ते पाणी हलके आणि ज्यात ती तासभर उकळूनही टणकच राहते ते जड. माणदेशातल्या कोणत्याही वयस्क बाईला ही परीक्षा ठाऊक असते. तिने रसायनशास्त्राचे पुस्तक कधी उघडलेले नसते, पण तिची परीक्षा अचूक असते. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असले की ते डाळीच्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिन या पदार्थाशी बांधले जातात. पेक्टिन विरघळत नाही आणि डाळ फुटत नाही. याच पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. गोडे, मचूळ, खारे, जड, हलके असे किती तरी शब्द आपल्या भाषेत पाण्याच्या गुणांसाठी आहेत. हे शब्द निर्माण झाले, कारण माणसे रोज वेगवेगळ्या विहिरींचे पाणी चाखत होती आणि त्यांत निवड करत होती.

तरीही आटपाडी, माण, जत, सांगोला या भागाचा इतिहास लिहिताना आपण पाण्याचे एकच माप वापरतो, ते म्हणजे किती. पाऊस किती पडला, टँकर किती लागले, तलाव किती भरला. पाणी कसे होते, ते कशामुळे बिघडले आणि कोणाच्या कोणत्या सवयीमुळे चांगले राहिले, हा इतिहास सहसा सांगितला जात नाही. या लेखात आम्ही तो आटपाडीच्या निमित्ताने मांडणार आहोत. एखाद्या विहिरीचे पाणी कसे असेल हे विहिरीच्या मालकापेक्षा तिच्या भोवतालच्या जमिनीचे मालक जास्त ठरवतात, हे त्यातून दिसते.

कातळातले पाणी

आटपाडी हा सांगली जिल्ह्याचा ईशान्येकडील तालुका. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आत असलेल्या आटपाडीला पाचशे मिलिमीटरचीही खात्री नसते. सह्याद्रीने अडवलेल्या ढगांच्या मागे पडलेला हा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. माण तालुक्यातल्या डोंगरात उगम पावलेली माण नदी, म्हणजेच माणगंगा, आटपाडी आणि सांगोला तालुक्यांतून जाऊन पुढे भीमेला मिळते. वर्षातले बरेच महिने तिच्या पात्रात पाणी दिसत नाही. जे असते ते वाळूखाली असते.

जमिनीखाली बेसाल्टचा काळा कातळ आहे. हा ज्वालामुखीचा खडक अखंड असेल तेथे त्यातून पाणी झिरपत नाही. पाणी साठते ते त्याच्या वरच्या झिजलेल्या थरात, म्हणजे मुरमात, आणि भेगांत. त्यामुळे येथील विहीर म्हणजे जमिनीखालच्या एखाद्या अमर्याद सरोवराला पाडलेले भोक नव्हे. ती आसपासच्या काही शेतांचे पाणी गोळा करणारी एक वाटी आहे. पावसाचे पाणी ज्या शेतांतून मुरते त्या शेतांतले जे जे विरघळण्याजोगे आहे, ते घेऊन ते वाटीत उतरते.

कमी पावसाच्या प्रदेशात याला आणखी एक बाजू असते. जेथे भरपूर पाऊस पडतो तेथे जमिनीतले क्षार धुपून नदीला आणि पुढे समुद्राला जातात. जेथे पाऊस कमी आणि ऊन जास्त तेथे पाणी वाफ होऊन उडते आणि क्षार मागे राहतात. काळ्या जमिनीत खाली सापडणारे चुनखडीचे खडे ही त्याचीच खूण आहे. म्हणूनच माळावरच्या मुरमाड जमिनीतली विहीर अनेकदा गोडी आणि खोल काळ्या रानातली मचूळ असते. पुणे कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पश्चिम भारतातील कातळाच्या प्रदेशातल्या विहिरींच्या पाण्याचा रासायनिक अभ्यास केला होता. शेतकऱ्याला जिभेने कळत होते ते त्यांनी आकड्यांत मांडण्यास सुरुवात केली.

पायऱ्या आणि नारू

जुन्या काळी दख्खनमध्ये पायऱ्यांच्या विहिरी पुष्कळ होत्या. उन्हाळ्यात पाणी खोल गेले तरी माणसाला खाली उतरून घागर भरता येत असे. दोर लागत नसे आणि रहाटही लागत नसे. पाणी कमी असलेल्या प्रदेशात ही रचना सोयीची होती, पण याच पायऱ्यांनी एक भयंकर रोग शतकानुशतके जिवंत ठेवला. तो रोग म्हणजे नारू.

नारू झालेल्या माणसाच्या पायावर फोड येतो आणि त्यातून हातभर लांब, दोऱ्यासारखा कृमी हळूहळू बाहेर पडतो. आग होते म्हणून माणूस पाय पाण्यात बुडवतो. त्याच क्षणी कृमी हजारो सूक्ष्म अळ्या पाण्यात सोडतो. सायक्लॉप्स नावाचे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे जलकीटक त्या अळ्या गिळतात. ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात अळ्या जातात आणि साधारण वर्षभराने त्याच्या पायाला फोड येतो. सायक्लॉप्सचा हा वाटा रशियन शास्त्रज्ञ अलेक्सेई फेडचेंको यांनी १८७० साली मध्य आशियात दाखवून दिला.

या रोगावर लस निघाली नाही आणि तो बरा करणारे औषधही निघाले नाही. तो गेला तो सवयी आणि बांधकाम बदलल्यामुळे. पायऱ्या बुजवायच्या, विहिरीला कठडा बांधायचा, पाणी वरूनच ओढायचे आणि पिण्याचे पाणी दुहेरी फडक्याने गाळून घ्यायचे, एवढेच ते उपाय होते. १९३०च्या दशकात म्हैसूर संस्थानातील चित्रदुर्ग भागात मूर्ती आणि स्वीट या संशोधकांनी विहिरींत सायक्लॉप्स खाणारे मासे सोडण्याचाही प्रयोग केला. पुढे १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. त्यात हे सारे उपाय आणि सायक्लॉप्स मारणारे सौम्य रसायन एकत्र वापरले गेले. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले.

विहिरीचा कठडा हे सर्वांना परिचित असलेले काम आहे. नारूच्या गोष्टीतून त्याचे महत्त्व कळते. कठडा नुसता माणूस पडू नये म्हणून नसतो. पाय, गुरांचे खूर आणि पावसाचा वाहता लोंढा विहिरीत जाऊ नये म्हणूनही तो असतो.

सोवळे पाणी आणि स्वच्छ पाणी

पाण्याची शुद्धता आमच्या समाजाने नेहमीच मनावर घेतली, पण ती कोणत्या अर्थाने? पायांतल्या जखमा बुडत होत्या त्या विहिरीवर कोणी हरकत घेत नसे. ज्याच्या हातात घागर आहे त्याची जात मात्र विचारली जात असे. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह केला तो याच व्यवस्थेविरुद्ध.

या व्यवस्थेचे आटपाडीपुरते चित्र पाहायचे असेल तर शंकरराव खरात यांचे ‘तराळ-अंतराळ’ हे आत्मचरित्र वाचावे. खरात मूळचे आटपाडीचे. त्यांचे वडील गावकीचे तराळ होते. पुढे खरात वकील, लेखक आणि मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. विहिरीत प्रेत आढळले तेव्हा तराळकीचे काम म्हणून ते बाहेर काढण्याची जबाबदारी त्यांच्या वडिलांवर आली, हा प्रसंग त्यांनी लिहिला आहे. ज्यांना विहिरीचे पाणी भरण्याची मुभा नव्हती त्यांनाच विहीर साफ करण्यासाठी त्यात उतरावे लागे. विटाळाची कल्पना पाण्याचे रक्षण करत नव्हती. ती फक्त पाण्यावरची मालकी राखत होती. पाण्यातला सायक्लॉप्स, पटकीचा जंतू किंवा नायट्रेट यांना जात कळत नाही, आणि ज्या समाजाचे लक्ष चुकीच्या गोष्टीवर असते तो खरा धोका पाहू शकत नाही. पाण्याच्या गुणवत्तेच्या इतिहासात सामाजिक प्रश्न बाजूला ठेवता येत नाही, याचे हे एक कारण.

तलावात आलेली माती

१८७६-७७ चा दुष्काळ दख्खनच्या इतिहासातला सर्वांत भीषण दुष्काळांपैकी एक. लोकांना काम आणि धान्य देण्यासाठी इंग्रज सरकारने जी कामे काढली त्यांपैकी एक म्हणजे माण नदीवर राजेवाडीजवळ बांधलेला मोठा तलाव. म्हसवडचा तलाव या नावानेही तो ओळखला जातो. सातारा, सांगली आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांच्या सीमेवरचा हा तलाव आजही आटपाडी आणि सांगोला या तालुक्यांना उपयोगी पडतो.

अशा प्रत्येक तलावाचा एक शत्रू असतो आणि तो म्हणजे गाळ. गाळ आकाशातून पडत नाही. तो वरच्या शेतकऱ्यांच्या रानातली सुपीक माती असते. माणदेशात पाऊस कमी पडतो, पण पडतो तेव्हा अनेकदा तासाभरात ओढे भरून वाहतात. उन्हाळ्यात उघडी पडलेली, भुसभुशीत नांगरलेली जमीन अशा सरीत सहज वाहून जाते. मातीबरोबर तिला चिकटलेले फॉस्फरस, शेणखत आणि आजच्या काळात कीटकनाशकेही जातात. तलावाची साठवण घटते आणि पाणी गढूळ होते. फॉस्फरसवर शेवाळ माजते, शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि पाण्याला वास येतो. म्हणजे ‘किती’ आणि ‘कसे’ हे दोन्ही प्रश्न एकाच ओघळीतून तलावात उतरतात.

यावरचा उपाय येथील शेतकऱ्याला परका नव्हता. उताराला आडवे बांध घालणे, ज्याला या भागात ताली टाकणे म्हणतात, ही जुनी रीत आहे. दगडाची ताल ओघळीत माती अडवते, वर्षा-दोन वर्षांत तिच्यामागे एक लहानसे सपाट शेत तयार होते आणि खाली उतरणारे पाणी बरेच नितळ असते. कोरडवाहू शेतीचे शास्त्रीय संशोधन १९२०च्या दशकात मांजरीला आणि १९३३ पासून सोलापूर व विजापूर येथील केंद्रांत सुरू झाले. ना. वि. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांध, खोल नांगरट, कुळवाच्या पाळ्या आणि विरळ पेरणी यांची सांगड घालून जी पद्धत बसवली ती मुंबई इलाख्याची कोरडवाहू पद्धत म्हणून ओळखली गेली. १९४२ साली जमीन सुधारणेचा कायदा झाला आणि बांधबंदिस्तीची कामे सरकारी पातळीवर मोठ्या प्रमाणात सुरू झाली. पुढे १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमी योजनेतून ताली, नालाबांध आणि पाझर तलाव यांची हजारो कामे झाली.

या कामांचा अनुभव एक गोष्ट शिकवतो. बांध वरच्याच्या जमिनीत घालायचा, त्याची डागडुजी वरच्याने करायची आणि नितळ पाणी मिळते खालच्याला. बांधाची रुंदी एक ओळ पिकाची जागा खाते, म्हणून पुष्कळ ठिकाणी बांध कोरले गेले. वरच्याला त्याचा लाभ दिसला, म्हणजे माती टिकली, ओल टिकली आणि बांधावरच्या गवतावर चार जनावरे जगली, तेथे बांध टिकले. पाण्याचे रक्षण करणारी शेतीची रीत फक्त परोपकारावर उभी राहत नाही. ती ज्याच्या शेतात आहे त्याच्या पदरात काही तरी पडावे लागते.

संस्थान, पंचायत आणि पंप

स्वातंत्र्यापूर्वी आटपाडी हा औंध संस्थानाचा भाग होता. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली राज्यकारभार ग्रामपंचायतींवर आधारलेल्या राज्यघटनेच्या हाती दिला. या घटनेमागे महात्मा गांधींचा सल्ला होता आणि युवराज अप्पासाहेब पंत व पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांचे परिश्रम होते. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. भिंती आणि बेड्यांशिवाय, कुटुंबासह राहून कैद्यांनी शेती करावी अशी ही कल्पना होती. ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटाची प्रेरणा तेथूनच आली. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. आटपाडी दक्षिण सातारा जिल्ह्यात गेली आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले.

संस्थानाच्या हद्दीत आणखी एक गोष्ट घडत होती. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. तेथे लोखंडी नांगर निघाले आणि पुढे पाण्याचे पंपही निघाले. पंपाने विहिरीचे गणित बदलले. मोटेच्या काळात विहिरीतून किती पाणी निघेल हे बैलांच्या दमावर अवलंबून असे. बैल दमले की मोट थांबे आणि रात्रीतून विहीर पुन्हा भरे. इंजिनाला दम लागत नाही. उपसा वाढला, विहिरी खोल गेल्या आणि पुढे विंधन विहिरी आल्या.

विंधन विहिरींचे आरोग्यावरचे उपकार मान्य केले पाहिजेत. १९६०च्या दशकाच्या अखेरीस युनिसेफच्या मदतीने कातळ फोडणारी वेगवान यंत्रे भारतात आली. सोलापूरला घडलेल्या एका मजबूत हातपंपाच्या रचनेवरून १९७०च्या दशकात ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप तयार झाला आणि तो पुढे जगभर गेला. बंद नळीतून आलेल्या पाण्यात नारूचा सायक्लॉप्स नसतो. परंतु खोलवरचे पाणी खडकाच्या सहवासात दीर्घकाळ असते, म्हणून त्यात विरघळलेले क्षार सहसा अधिक असतात. एक धोका टाळताना दुसऱ्याची चाचणी करत राहावी लागते.

नीरेचा धडा

आता थोडे वायव्येकडे जाऊ. १८८०च्या दशकात नीरा नदीचा डावा कालवा सुरू झाला. दुष्काळी मुलखाला पाणी मिळाले आणि ऊस उभा राहिला. पंचवीस वर्षांच्या आत कालव्याकाठच्या जमिनींना मीठ फुटू लागले. हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातील या खारवट जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. कारण सरळ होते. काळ्या जमिनीत निचरा कमी आणि वरून मोजमापाशिवाय पाणी, म्हणून जमिनीखालची पाण्याची पातळी वर चढली. ती पृष्ठभागापासून मीटर-दीड मीटरवर आली की दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे पाणी मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते, उन्हाने उडते आणि क्षार वर ठेवून जाते. अशा ठिकाणी विहिरीही खाऱ्या होतात. याच कालव्यांवर विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी ब्लॉक पद्धत सुचवली. पाणी ठरावीक गटांना, पिकांच्या फेरपालटीने आणि अधिक गावांत विभागून द्यायचे, असा तिचा आशय होता. पाण्याची वाटणी आणि जमिनीचे आरोग्य हे एकच काम आहे, हे त्यात गृहीत होते.

हा धडा शिकूनही गिरवला गेला नाही. सांगली जिल्ह्यातच कृष्णाकाठी, जेथे पाण्याला तोटा नव्हता तेथे, उसाला पाटाने भरमसाट पाणी दिल्यामुळे हजारो हेक्टर जमीन क्षारपड झाली. एकाच जिल्ह्यात पूर्वेला पाण्यावाचून आणि पश्चिमेला पाण्यामुळे जमीन पडीक, असे चित्र निर्माण झाले.

नवे पाणी

१९९३ साली आटपाडीत पहिली पाणी परिषद भरली. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी तिचे नेते होते. डॉ. भारत पाटणकर आणि अनेक तालुक्यांतले शेतकरी व शेतमजूर तिच्याबरोबर होते. कृष्णेचे पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळावे, आणि ते कालव्याच्या तोंडाशी असलेल्यांनाच नव्हे तर भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला समान मिळावे, ही मागणी होती. त्याआधी शेजारच्या खानापूर तालुक्यात येरळा नदीवर तांदुळवाडीच्या लोकांनी बळीराजा धरण उभे केले होते. नदीतली वाळू बेसुमार उपसली जाऊ नये हा प्रश्न त्या लढ्यात कळीचा होता. वाळू म्हणजे नुसता बांधकामाचा माल नव्हे. ती पुराचे पाणी धरून ठेवते, उन्हापासून वाचवते आणि काठच्या विहिरींना गाळून देते. वाळू गेली की नदीचा नैसर्गिक गाळणकपडा गेला.

१९९०च्या दशकाच्या मध्यात मंजूर झालेल्या टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी कराडजवळ कृष्णेतून उचलून, टप्प्याटप्प्याने डोंगर चढवून आटपाडीपर्यंत आले आहे. येथे उघड्या पाटांऐवजी बंद नलिकांतून वितरणाचा मार्ग धरला गेला. त्यात गळती कमी होते, मोजमाप शक्य होते आणि समन्यायी वाटपालाही आधार मिळतो. पाणी मोजून मिळाले तर नीरेची पुनरावृत्ती टळू शकते. म्हणूनच आम्ही समन्यायी वाटपाला केवळ न्यायाचा प्रश्न मानत नाही. जमिनीच्या आणि विहिरींच्या दृष्टीने तो प्रतिबंधक उपाय आहे.

एक सोपे गणित करून पाहू. समजा, शेताला दिलेल्या एका लिटर पाण्यात ३०० मिलिग्रॅम क्षार विरघळलेले आहेत. हे प्रमाण फार नाही, असे पाणी आपण पितो. एक घनमीटर पाण्यात ते ३०० ग्रॅम होतात. फळबागेला वर्षभरात हेक्टरी ३,००० घनमीटर पाणी दिले तर त्याबरोबर ९०० किलो क्षार शेतात आले. पाटाने भिजवलेल्या उसाला २०,००० घनमीटर दिले तर ६ टन क्षार आले. पीक त्यांतले फारच थोडे उचलते. बाकीचे एकतर मुळांजवळ साठतात किंवा मुरून विहिरीत उतरतात. जास्त पावसाच्या प्रदेशात ते धुऊन जातात, आटपाडीत ती सोय नाही.

न दिसणारे

आज आटपाडी तालुका डाळिंबासाठी ओळखला जातो. ठिबक सिंचनाने थोड्या पाण्यात बागा उभ्या राहिल्या, ही या भागाच्या शेतकऱ्याची मोठी कामगिरी आहे. पण पाण्याबरोबर खतेही ठिबकमधून जातात आणि तेल्या रोगाच्या भीतीने फवारण्या वारंवार होतात. येथे पाण्याला असा धोका आहे जो डाळ शिजवून किंवा चव घेऊन कळत नाही. तो म्हणजे नायट्रेट.

१९४५ साली अमेरिकेच्या आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी शेतावरच्या घरांतील काही तान्ही बाळे निळी का पडतात याचा छडा लावला. बाळांचे दूध ज्या विहिरींच्या पाण्यात कालवले जाई त्या विहिरींत नायट्रेट फार होते. विहिरी उथळ होत्या आणि गोठ्यांजवळ होत्या. नायट्रेटपासून शरीरात नायट्राइट बनते आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे.

हेही गणित वर्गात करण्यासारखे आहे. ४५ किलोच्या युरियाच्या अर्ध्या पोत्यात सुमारे १० किलो नत्र असते. पिकाने न घेतलेले एवढे नत्र मुरून गेले तर त्याचे ४४ किलो नायट्रेट होते, आणि ते जवळजवळ दहा लाख लिटर शुद्ध पाण्याला ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवू शकते. नायट्रेट मातीला चिकटत नाही, म्हणून बांध त्याला अडवू शकत नाही. ते उकळून जात नाही. उलट पाणी आटल्याने दाट होते.

मग उपाय कोणता? जुन्या रीतींत त्याची काही सूत्रे आहेत. धनगरांच्या मेंढ्या रानात बसवण्याची चाल या भागात जुनी आहे. मेंढ्यांचे लेंडीखत रानभर पसरते आणि जेथे पिकाला हवे तेथेच पडते. तेच खत विहिरीशेजारच्या उकिरड्यात ढीग होऊन पावसात भिजत राहिले तर विहीर नासते. म्हणजे खत तेच, जागा वेगळी, परिणाम वेगळा. त्यावर आजच्या ज्ञानाची भर घालून यादी करता येईल. उकिरडा विहिरीपासून दूर आणि तिच्या उताराच्या खालच्या बाजूस असावा. माती-पाणी तपासूनच खत द्यावे आणि ते एकदम न देता हप्त्यांनी द्यावे. फवारणीचा पंप विहिरीच्या काठावर भरू वा धुऊ नये. विहिरीला कठडा असावा आणि भोवती पाणी बाहेर लोटणारा उतार असावा. ओढ्याकाठी गवताचा पट्टा नांगरल्याविना सोडावा. खोल काळ्या रानात पाणी देण्याआधी निचऱ्याचा विचार करावा. तलावातला गाळ काढून रानात परत टाकावा, कारण तो मुळात रानाचाच होता.

यातले एकही काम विलक्षण नाही. अडचण वेगळीच आहे. १९९३ साली महाराष्ट्रात पिण्याच्या पाण्यासाठी भूजल नियमनाचा कायदा झाला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेण्यास त्याने मनाई केली. त्याचा भर उपशावर होता. २००९ च्या भूजल कायद्यात पाण्याच्या गुणवत्तेचाही विचार आला. तरीही त्या ५०० मीटरच्या वर्तुळातला शेतकरी किती युरिया टाकतो हे कोणता तलाठी मोजणार? ते मोजू शकतात फक्त त्याचे शेजारी, आणि तेही विहीर आपल्या सर्वांची आहे असे मानले तरच.

येथे शाळेचे काम सुरू होते. आपल्या गावातल्या दहा विहिरींची यादी विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. घरातल्या आजीला विचारावे की डाळ शिजायला पूर्वी कोणत्या विहिरीचे पाणी आणत, आणि आज त्या विहिरीचे काय झाले. प्रत्येक विहिरीभोवती वरच्या अंगाला काय आहे, म्हणजे बाग, उकिरडा, माळ की वस्ती, त्याचा नकाशा काढावा. सारख्या बाटल्यांत पाणी घेऊन, सारखा साबण टाकून, किती हलवल्यावर फेस टिकतो ते मोजावे. पहिल्या पावसानंतर ओढ्याचे पाणी काचेच्या बरणीत ठेवून तळाशी किती गाळ बसतो ते पट्टीने मोजावे, आणि तोच प्रयोग बांधबंदिस्ती झालेल्या व न झालेल्या दोन ओघळींवर करावा. नायट्रेटची तपासणी शाळेत अचूक होणार नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेकडे पाठवावा आणि आलेला अहवाल ग्रामसभेत मुलांनीच वाचून दाखवावा.

दोन-तीन वर्षे अशा नोंदी झाल्या तर त्या गावाजवळ अशी माहिती जमेल जी कोणत्याही गॅझेटियरमध्ये मिळणार नाही. आटपाडीच्या मुलखात पाणी आणण्यासाठी तीन पिढ्या झटल्या. आलेले पाणी पिण्याजोगे राहावे यासाठी एका पिढीने आपल्या विहिरींचे शेजारपण नीट पाळले, तरी पुष्कळ होईल.